छात्रालयातील गुरुजी आणि कथा सांगणारा श्याम : ‘श्यामची आई’ व तिची चित्रपटीय रूपांतरे

निवासी शाळेतील लाडक्या शिक्षकाची कथा म्हटली की इंग्रजीच्या अभ्यासकांना जेम्स हिल्टन यांची ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’ ही लघुकादंबरी आठवते. हिल्टन यांनी ती नोव्हेंबर १९३३ मध्ये अवघ्या चार दिवसांत लिहिली. त्याच वर्षी ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत पांडुरंग सदाशिव साने नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहीत होते. केवळ या योगायोगावर तुलना उभी राहत नाही, हे मान्य. परंतु दोन्ही कृतींच्या रूपांतरांकडे पाहिले असता एक साम्य जाणवते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

पुण्यातील न्यू पूना कॉलेजमध्ये (नंतरचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय) शिकलेले साने १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, कंदिलाच्या काचा पुसणे ही कामे ते स्वतः करीत. शिस्तीची भाषा न वापरता शिस्त लावण्याची ही रीत होती. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. शिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द उणीपुरी सहा वर्षांची. चिप्स मात्र एकाच शाळेत जन्म घालवतो.

‘श्यामची आई’ आपण आईचे पुस्तक म्हणून वाचतो. वर्गात मी ‘या पुस्तकात बोलते कोण?’ असे विचारले, तर क्षणभर शांतता पसरते. वस्तुतः बेचाळीस रात्री चाललेले हे कथन प्रौढ श्यामचे आहे. आश्रमातील सोबती ऐकतात, मध्येच प्रश्न विचारतात. सायंप्रार्थनेनंतर भोवती मंडळी जमवून आठवण सांगणारा हा आवाज मला छात्रालयातील शिक्षकाचाच वाटतो. आई त्या आवाजातून दिसते, हे विसरता कामा नये.

रूपांतरांत नेमका हाच आवाज दबला. गुरुजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, आचार्य अत्रे यांनी चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले. प्रेक्षकांच्या मनात राहिली ती वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा बाल श्याम. कथा सांगणारा प्रौढ श्याम फारसा कोणाला आठवत नाही.

चिप्सच्या बाबतीतही स्त्रीपात्रच वाढत गेले. कादंबरीत पत्नी कॅथरीन थोड्याच पानांपुरती आहे. ती १८९८ मध्ये बाळंतपणात जाते. १९३९ च्या चित्रपटात तिला अधिक वाव मिळाला (रॉबर्ट डोनट यांना त्यातील भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले). १९६९ च्या संगीतिकेत तर ती रंगमंचावरील गायिका होते आणि दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात मरते. पडद्याला नुसता शिक्षक पुरत नाही, असे दिग्दर्शकांना वाटत असावे. वर्गातले रोजचे काम दाखवणे अवघड, एवढे मात्र खरे.

सुजय डहाके यांच्या २०२३ मधील कृष्णधवल ‘श्यामची आई’मध्ये ओम भूतकर यांनी प्रौढ साने गुरुजी साकारले आणि कथन करणारा पुन्हा पडद्यावर आला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. मात्र येथेही भर आहे तो स्वातंत्र्यसैनिक गुरुजींवर. अमळनेरच्या छात्रालयात पहाटे कंदील पुसणाऱ्या शिक्षकाला त्यात मध्यवर्ती जागा नाही.