वळणं तीच, इंजिनं नवी

पुण्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबली, की तिच्या मागे जादा इंजिनं जोडतात. पुढे बोरघाट असतो. तिथे दर ३७ मीटरांमागे गाडीला एक मीटर वर चढायचं असतं, आणि एवढ्याशा चढासाठी मागून धिप्पाड इंजिनांचा रेटा लागतो. आता कर्जत तालुक्यातल्याच नेरळला या. इथून माथेरानला जाणारी छोटी गाडी काही ठिकाणी २० मीटरांतच एक मीटर चढते. तिचे डबे हलके आहेत, हे खरं. पण तिच्या रुळांमध्ये दात नाहीत की ओढायला साखळी नाही. गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक, आणि त्या दोघांमधलं घर्षण. एवढ्या भांडवलावर ती समुद्रसपाटीजवळच्या नेरळहून सुमारे ८०० मीटर उंचीच्या माथेरानला पोहोचते!

या मार्गाचा ध्यास अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी घेतला आणि पैसा उभा केला त्यांचे वडील सर आदमजी यांनी. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. का? कारण डोंगर सरळ वाट देत नव्हता. रूळ जितके जवळ, तितकं वळण आखूड घेता येतं, आणि २१ किलोमीटरच्या या वाटेवर दोनशेहून अधिक वळणं आहेत.

इथेच खरा पेच पडतो. चढायला जोर हवा म्हणून इंजिनाची सहाही चाकं फिरती हवीत, म्हणून तिन्ही आस बाहेरच्या लोखंडी दांड्यांनी एकमेकांना जखडायचे. पण जखडलेले आस एकमेकांना समांतरच राहणार, आणि आखूड वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना तर थोडं तिरकं व्हायचं असतं. जोर हवा की लवचीकपणा? दोन्ही एकाच वेळी कसे मिळणार?

जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने माथेरानसाठी बांधलेल्या चार वाफेच्या इंजिनांत याचं उत्तर होतं. त्याचं नाव क्लिएन-लिंडनर आस. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस चक्क पोकळ! त्या नळीच्या आतून दुसरा, भरीव आस जातो. आतला आस इंजिनाच्या सांगाड्यात सरळ बसलेला आणि दांड्यांनी बाकीच्या आसांशी बांधलेला असतो. बाहेरच्या नळीवर चाकं असतात. दोघांची गाठ फक्त मधोमध पडते, एका गोल सांध्यावर. मनगट न हलवता बांगडी तिरकी व्हावी, तशी ही नळी आतल्या आसाभोवती कलते आणि थोडी बाजूलाही सरकते. तरीही मधला सांधा तिला फिरवतच राहतो. वळण आलं की चाकं वळतात, जोर तसूभर कमी होत नाही. हे सगळं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, निव्वळ लोखंडात घडवलेलं. मला विचाराल तर माथेरानच्या कुठल्याही पॉइंटइतकीच ही गोष्ट पाहण्याजोगी आहे.

मग १९५० च्या दशकात युंग या जर्मन कंपनीची डिझेल इंजिनं आली आणि १९८२ पर्यंत वाफेची इंजिनं निवृत्त झाली. गाडीचं हृदय बदललं, पण वळणं होती तिथेच होती. नव्या इंजिनांनाही त्यांच्यापुढे वाकावं लागलं. फक्त युक्ती बदलली: चाकं आखूड ट्रॉल्यांवर बसवायची आणि प्रत्येक ट्रॉलीला आपापली वळू द्यायची.

चढण्याचं कोडं असं सुटलं. पण उतरण्याचं? एवढ्या उतारावर गाडी ओढावी लागत नाही, आवरावी लागते. बरीच वर्षं हे काम माणसांच्या हातांनी झालं. डब्यांवर ब्रेकमन उभे असायचे, इंजिनाच्या शिट्टीचा इशारा ऐकायचे आणि हाताने ब्रेक आवळायचे. घाटात, पावसात, धुक्यात या लोकांनी किती प्रवासी सुखरूप खाली आणले असतील!

२०१६ मध्ये याच मार्गावरच्या अमन लॉज स्थानकाजवळ गाडी रुळांवरून घसरली आणि सेवा बंद पडली. त्यानंतर गाडीला एअर ब्रेक बसवले गेले. आता इंजिनात बसलेला चालक एका हाताने शेवटच्या डब्याचाही ब्रेक लावतो. म्हणजे हे दुरून नियंत्रणच, फक्त ते ना तारेतून जातं ना रेडिओवरून. ते जातं हवेतून.

तुम्हाला वाटेल, चालक नळीत हवा सोडतो आणि ब्रेक लागतो. नेमकं उलटं आहे! इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेलेल्या नळीत दाबलेली हवा कायम भरलेली असते, आणि ती भरलेली असते म्हणून ब्रेक सुटलेला असतो. चालक थोडी हवा बाहेर सोडतो, नळीतला दाब उतरतो. प्रत्येक डब्याखालच्या झडपेला हे कळतं, आणि ती त्या डब्याच्या स्वतःच्या टाकीतली हवा ब्रेककडे धाडते. अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या पहिल्या ब्रेकमध्ये हवा भरली की ब्रेक लागायचा. नळी फुटली तर काहीच हाती उरायचं नाही. म्हणून १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सगळी रचनाच उलटी फिरवली.

पुढच्या खेपेला नेरळला गाडीत बसण्याआधी दोन डब्यांच्या मधे वाकून पाहा. तिथे एक रबरी नळी लोंबताना दिसेल. घाटात कधी डबे सुटे झालेच, तर ही नळीही तुटेल. हवा फुस्सकन बाहेर पडेल आणि सुटलेला डबा, कुणीही काहीही न करता, स्वतःच स्वतःचा ब्रेक लावेल.