शब्द अडणे आणि शब्द हरवणे

बालरोगतज्ज्ञाने वार्धक्यावर लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु सुरतेत माझ्या दवाखान्यात नातवंडाला कडेवर घेऊन येते ती बहुधा आजीच. त्यामुळे मुलांच्या बोलण्याबरोबर तिचे बोलणेही मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे.

वयोमानानुसार स्मरण मंदावते. नाव ओठांवर येऊन अडते, चारजण एकदम बोलू लागले की गोंधळ उडतो. मात्र शब्दसंग्रह शाबूत असतो, पहिले अक्षर सुचवले की नाव आठवते आणि आपण विसरलो याची जाणीवही असते. स्मृतिभ्रंशात, म्हणजे डिमेन्शियात, अक्षर सुचवूनही बहुधा उपयोग होत नाही. 'अडकित्ता' जाऊन 'ते सुपारीचं' येते, पुढे नुसतेच 'ते, ते' उरते. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा येतो. रोजचे व्यवहार कोलमडू लागतात.

माझ्या आईच्या बाबतीत मी स्वतः दीड वर्ष चुकलो. पुरणाची कृती सांगताना ती मध्येच थांबे. 'वय झालं' म्हणून मी विषय सोडून देई. एके दिवशी पुरणयंत्र हातात घेऊन तिने विचारले, "हे कशाला असतं रे?" तेव्हा कुठे मुलातला डॉक्टर जागा झाला.

तिची पहिली तपासणी गुजरातीत झाली. एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायची होती. तिने चार सांगितली. मराठीत विचारल्यावर नऊ आली. आजार होताच, पण दिसला त्याहून सौम्य होता. उधना-लिंबायतमधील खानदेशी आजींची घरची बोली अहिराणी. त्यांना प्रमाण मराठीत तपासणे हाही अन्यायच. जिने कधी पेन्सिल धरली नाही तिला घड्याळ काढायला सांगून काय निष्पन्न होणार?

दोन भाषांचे हे ओझे मात्र उपकारकही असावे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात एकभाषिकांपेक्षा द्विभाषिकांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षरांतही हा फरक होता.

निदानाचा शिक्का मारण्यापूर्वी कान तपासावेत. ऐकूच न आल्याने चुकलेले उत्तर विस्मृतीत जमा होते. शिवाय बहिरेपण हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका मानला जातो. थायरॉईड, बी-१२ आणि नैराश्य यांचाही विचार व्हावा. एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालेली बरळ हा स्मृतिभ्रंश नव्हे. संसर्ग, औषधे, क्षारांचा बिघाड शोधण्याची ती निकड असते.

स्पीच थेरपिस्टने आईपेक्षा आम्हालाच अधिक शिकवले. एका वेळी एकच वाक्य, समोर बसून, दूरदर्शन संच बंद करून. स्वयंपाकघरातील डब्यांवर चित्रे लागली. "ओळख पाहू, मी कोण?" हा प्रश्न घरातून हद्दपार झाला. आता नातू आत येतानाच स्वतःचे नाव सांगतो, मग तिच्याजवळ बसतो.