बिनहुकाचा टॉप: होजिअरीच्या कापडासाठी कागदी नमुना कसा बदलायचा?

शिवणकामावरच्या या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना मापं लिहून घ्यायची राहून जातात, म्हणून सगळे आकडे इथे नीट देतोय.

आजचा प्रश्न मारेगावच्या एका ताईंचा आहे. त्या पोलकी शिवतात, हात चांगला बसलेला आहे. त्यांच्या मायची बोटं आता वळत नाहीत, पोलक्याचे हुक लागत नाहीत. वावरातल्या निंदण-वेचणीत आयुष्य गेलेलं, पाठही वाकली आहे. लुगड्यावर चालेल असा, डोक्यातून घालायचा होजिअरीचा टॉप त्यांना मायसाठी शिवायचा आहे. साध्या कापडाच्या कुर्तीचा कागद ठेवून कापला, तर टॉप ढगळ झाला, गळा लोंबला आणि मागून वर चढला. "कागद तर बरोबर आहे, मग चुकलं काय?"

ताई, कागद बरोबरच आहे, पण तो दुसऱ्या कापडाचा आहे.

साधं कापड म्हणजे खाटेची नवार. उभे पट्टे, आडवे पट्टे, एकमेकांत अडकलेले. ओढलं तरी फारसं हलत नाही. होजिअरी म्हणजे स्वेटरचे टाके, फक्त बारीक आणि मशीनवर घातलेले. प्रत्येक टाका एक फासा असतो, ओढला की फासा पसरतो. साधं कापड ताणत नाही, म्हणून श्वास घ्यायला, हात हलवायला आपण मापात दोन ते चार इंच लूजिंग धरतो. होजिअरीत ती जागा कापडातच असते. तिच्यावर पुन्हा लूजिंग दिलं की टॉप ढगळ होणारच.

आधी कापड मोजा, मग अंग

होजिअरी बरेच ठिकाणी किलोवर मिळते. आणली की आधी धुवून वाळवा. सुती होजिअरी आटते, आणि लांबीला जास्त आटते.

मग कापड आडवं दुमडा. काठापासून दूर, घडीवर चार इंचांचा तुकडा चिमटीत धरा आणि टेपशेजारी सहज ताणेल तेवढाच ताणा. चाराचे पाच इंच झाले तर ताण 25 टक्के, सहा झाले तर 50 टक्के. सोडल्यावर परत चारावर आलं पाहिजे. साडेचारवर थांबलं तर ते कापड कोपराला आणि गळ्याला लवकर सैल पडेल.

जास्त ताणणारी बाजू अंगाभोवती आडवी आली पाहिजे.

किती कमी करायचं?

समजा मायची छाती 34 इंच आहे, कुर्तीचा कागद तयार 38 इंच देतो, आणि कापड 25 टक्के ताणणारं आहे. तरुण मुलीला अंगासरशी टॉप हवा असेल तर तयार माप 34 चालेल. मायसाठी 35 ठेवा.

म्हणजे तीन इंच कमी करायचे. पुढचा भाग अर्धा, मागचा अर्धा, दोन्ही घडीवर. म्हणजे एकूण चार पाव. प्रत्येक पावातून पाऊण इंच, बाजूच्या शिलाईकडून काढा.

खाली मात्र पोलक्यासारखी कंबर घेऊ नका. हे महत्त्वाचं आहे. हुक नाहीत, टॉप खांद्यांवरून उतरणार आहे. दोन्ही दंड धरून खांद्यांचा घेर मोजा, समजा 39 आला. कंबर 30 ठेवली तर 25 टक्के ताणून साडेसदतीसच होते, टॉप खांद्यातच अडकेल. 35 ठेवली तर पावणेचव्वेचाळीस होते, आरामात उतरते. घालायला दुसऱ्याची मदत लागू नये म्हणून तर हा टॉप आहे.

खांदा प्रत्येक बाजूला पाव इंच आत घ्या, मुंढा अर्धा इंच वर घ्या. बाही छातीच्या प्रमाणात अरुंद करा. बाहीच्या गोलाईत साध्या कापडासाठी दिलेली जादा लांबी काढून टाका. गोलाई मुंढ्याएवढी असली की झालं.

वाकलेल्या पाठीसाठी

टॉप मागून वर चढतो कारण वाकलेल्या पाठीला मागे जास्त लांबी लागते. ताणणारं कापड हे सांभाळून घेईल असं वाटतं, पण ते आडवं जास्त ताणतं, उभं कमी. म्हणून कागद बदलावाच लागतो.

मानेच्या हाडापासून पाठीवरून कंबरेपर्यंत मोजा. कागदावरची तीच लांबी मोजा. समजा फरक पाऊण इंच आला.

मागच्या कागदावर मुंढ्याच्या मध्यावर आडवी रेघ मारा. घडीच्या बाजूने कापत जा, मुंढ्याजवळ किंचित जोडलेलं राहू द्या. आता घडीकडे पाऊण इंच उघडा आणि खाली दुसरा कागद चिकटवा. वरचा तुकडा थोडा कलेल आणि गळ्याशी घडीची रेघ आत जाईल. खालची रेघ सरळ वर ओढून घ्या. मागचा गळा प्रत्येक बाजूला पाव ते अर्धा इंच मोठा होईल. तो तसाच ठेवा, गळ्याची पट्टी त्याला आवळून घेते.

पुढे उलट करायचं. छातीच्या वर, मध्यात अर्धा इंच कागदाची चिमटी घ्या आणि मुंढ्याशी शून्य करा. पुढचा झोळ जातो. बाजूच्या शिलाया पुढे-मागे सारख्याच राहतात.

गळा

सगळे बदल झाल्यावर गळा शिलाईच्या रेघेवर मोजा. समजा 24 इंच. पट्टी त्याच्या 85 टक्के, म्हणजे साधारण साडेवीस इंच, अधिक जोडाचा दाब. पट्टी आडव्या ताणाने कापा. मग डोक्याचा घेर मोजा. 22 इंच असेल तर हरकत नाही, साडेवीस ताणून साडेपंचवीसच्या वर जातात. पट्टीचे आणि गळ्याचे चार-चार भाग करून खुणा जुळवा, पट्टी ताणत लावा.

शिवताना

बॉलपॉइंट सुई घ्या. ती धागा टोचत नाही, फाशांमधून जाते, त्यामुळे कापडाला भोकं पडत नाहीत. दोरा पॉलिस्टरचा. झिगझॅग असेल तर बारीक झिगझॅग. साधं काळं मशीन असेल तर कापड किंचित ताणत सरळ शिलाई मारा, शेजारी दुसरी मारा. आधी चिंधीवर शिवून ओढून बघा, दोरा तुटायला नको. खांद्याच्या शिलाईत मात्र न ताणणारी सुती पट्टी घाला, नाहीतर खांदा लांबत जातो.

वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी नमुने 1863 पासून विकले जातात. अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने ते विकायला सुरुवात केली. त्याने शिवणारीचं गणित खूप सोपं झालं. पण छापलेल्या मापात सरळ पाठ गृहीत धरलेली असते. वयाने, कामाने बदललेलं अंग त्यात बसत नसेल, तर बदलायचा असतो तो कागद.

म्हणून ताई, नवं कापड लगेच कापू नका. तेवढाच ताण असलेला जुना टी-शर्ट उसवून त्याच्यावर हा कागद कापा, धावदोऱ्याने जोडा. मायला घालायला द्या. तिला हात पुढे करू द्या, खाली बसू द्या, उठू द्या. मागून टॉप चढला तर पाठीत आणखी पाव इंच उघडा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. बसला की कागदावर मायचं नाव, तारीख आणि कापडाचा ताण लिहून ठेवा. पुढचा टॉप त्याच कागदावर निघेल.

पुढच्या भागात मुंढ्याची मापं बघू. तोवर नमस्कार!