स्टॅन्ली मॅथ्यूज

१९५३ सालचा इंग्लंडमधील एफ. ए. चषकाचा अंतिम फुटबॉल सामना ‘मॅथ्यूजचा सामना’ म्हणून ओळखला जातो. वास्तविक मॅथ्यूजनें त्यांत एकही गोल केला नाहीं. ब्लॅकपूलच्या ४ गोलांपैकीं ३ मॉर्टेन्सनचे! तरीही लोकांचा निवाडा मला न्याय्यच वाटतो. बोल्टन संघ ३-१ असा पुढें असतां ३८ वर्षांच्या या खेळाडूनें उजव्या बाजूनें वारंवार मुसंडी मारली आणि अगदीं अखेरीस त्यानेंच दिलेल्या चेंडूवर पेरीनें विजयाचा गोल केला. स्वतः गोल न करतां सामना जिंकून देणें हीच त्याची विद्या. १९५६ सालीं युरोपांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पहिला ‘बॅलन डोर’ त्यालाच मिळाला. १९६५ सालीं, पन्नाशी उलटल्यावर ५ दिवसांनीं, तो स्टोक सिटीकडून शेवटचा लीग सामना खेळला.