घरचें ग्रंथभांडार, घरच्याच सर्व्हरवर

छत्रपती संभाजीनगर येथें खाम नदीच्या कांठीं पाणचक्की आहे. दूरच्या डोंगरांतील पाणी जमिनीखालच्या नळांतून, केवळ उताराच्या बळानें, तेथवर आणिलेलें आहे. त्यापूर्वीं मलिक अंबर यानें वसविलेल्या खडकी शहरांतही नहर-इ-अंबरी अशाच रीतीनें फिरविली होती. उगम एक, पाणी मात्र अनेकांच्या दारीं! घरांतील ई-पुस्तकांची सोयही याच युक्तीनें लावतां येते.

अशी खटपट कशाला, असें कोणी विचारील. २००९ सालीं ॲमेझॉननें विकलेल्या ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या कांहीं प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेण्यांत आल्या. त्या विकणाऱ्यास प्रकाशनाचा हक्क नव्हता हें खरें, व पैसेही परत मिळाले. पण पुस्तकें गेलीं. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकानच बंद केलें. तात्पर्य, कपाट आपल्या घरांत असलें तरी किल्ली परक्याच्या हातीं होती.

किल्ली आपल्याकडे ठेवण्याचें एक साधन म्हणजे ‘कॅलिबर’. कोविद गोयल यांनीं २००६ सालीं सोनीच्या वाचनयंत्रासाठीं हा प्रोग्राम लिहिण्यास आरंभ केला. तो विनामूल्य आहे. जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स बसवावें, आणि टर्मिनलमध्यें ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल कॅलिबर’ ही आज्ञा द्यावी. मग पुस्तकांसाठीं एक फोल्डर करून ‘कॅलिबर-डीबी’नें त्यांत पुस्तकें भरावीं व ‘कॅलिबर-सर्व्हर’ सुरू करावा. घरांतील कोणत्याही फोनच्या ब्राउझरमध्यें सर्व्हरचा पत्ता व ८०८० हा पोर्ट-क्रमांक घातला कीं भांडार उघडतें. वीज जाऊन आल्यावर सर्व्हर आपोआप चालू व्हावा, यासाठीं त्याची ‘सिस्टमडी’मध्यें नोंद करावी. मात्र तो रूट या सर्वाधिकारी खात्यानें न चालवितां साध्या खात्यानें चालवावा, पासवर्ड लावावा, आणि ८०८० चें दार थेट इंटरनेटवर उघडें टाकूं नये.

मराठी वाचकानें दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. कॅलिबर पुस्तकांच्या फोल्डरांचीं नांवें रोमन लिपींत लिहितो; तीं हातानें बदलूं नयेत. खरीं मराठी नांवें ‘मेटाडेटा-डीबी’ या नोंदवहींत सुरक्षित असतात. दुसरी गोष्ट फाँटची. युनिकोडपूर्व फाँटांत जुळविलेलें पुस्तक डोळ्यांना मराठी दिसतें, पण त्यांत शोधलेला शब्द सांपडत नाहीं.

आतां भांडारांत भरावयाचें काय? भारतांत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याचे ग्रंथ सर्वांस मोकळे होतात. हरि नारायण आपटे १९१९ सालीं निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्या निःशंकपणें ठेवाव्या. हयात लेखकांचीं पुस्तकें मात्र रीतसर विकतच घ्यावीं.

अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डिस्क केव्हां ना केव्हां बिघडतेच. म्हणून संपूर्ण फोल्डरची नक्कल दर आठवड्यास दुसऱ्या डिस्कवर करावी, व ती उघडते कीं नाहीं हेंही पाहावें. नहर बांधणारा एकदांच बांधतो. गाळ मात्र वरचेवर काढावा लागतो. स्वामित्व हें असें निगराणीनेंच टिकतें.