घरासाठी किती लिटरचा गॅस गिझर घ्यावा? – एक सोपा हिशोब



थंडी पडायला लागली की हा प्रश्न हमखास निघतो : गॅस गिझर पाचचा घ्यायचा, सहाचा की सरळ आठचा? "घरात माणसं जास्त, मग मोठाच घ्या," असं उत्तरही लगेच मिळतं. पण त्यावरचा आकडा नेमकं काय सांगतो, ते आधी समजून घेऊया.

लिटर म्हणजे काय?
विजेच्या साठवणीच्या गिझरवर १५ लिटर लिहिलेलं असेल, तर त्याच्या टाकीत तेवढं पाणी मावतं. गॅस गिझरला टाकीच नसते. पाणी नळीतून जाता जाता तापतं. म्हणून ६ लिटर म्हणजे मिनिटाला ६ लिटर गरम पाणी. हा आकडा साधारणपणे पाणी २५ अंशांनी तापवायचं असं धरून दिलेला असतो.

२० लिटरची बादली पाचच्या गिझरवर ४ मिनिटांत, सहाच्या गिझरवर ३ मिनिटं २० सेकंदांत आणि आठच्या गिझरवर अडीच मिनिटांत भरेल. एवढाच काय तो फरक! म्हणजे घरात माणसं किती, यापेक्षा एका वेळी गरम पाण्याचे नळ किती चालू राहणार, हे महत्त्वाचं. एकच न्हाणीघर आणि बादलीची अंघोळ असेल, तर ५ किंवा ६ लिटर पुरतो. शॉवर आणि स्वयंपाकघराचा नळ एकदम चालवायचे असतील, तरच त्याहून मोठा बघा.

आधी नळ मोजा
बादली नळाखाली ठेवा आणि भरायला किती वेळ लागतो ते बघा. ५ मिनिटं लागली, तर नळच मिनिटाला ४ लिटर पाणी देतोय. मग आठचा गिझर घेऊन उपयोग काय? पाण्याचा दाब फारच कमी असेल, तर गिझर पेटतही नाही. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हे नेहमी होतं.

गावही बघा. नाशिककडे थंडीत टाकीतलं पाणी १५ अंशांवर असेल, तर ४० अंशांपर्यंत २५ अंश तापवावं लागतं. कोकण किनाऱ्यावर पाणी एवढं गार नसतं. तिथे लहान गिझरही चालतो.

गॅस आणि हवा
२० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ५५ ग्रॅम गॅस लागतो. कडक पाणी काढून विसण घातलं, तरी हिशोब तोच. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे २५० बादल्या. चार माणसांना रोज एकेक बादली धरली, तर दोन महिने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १ किलो गॅस जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे एका बादलीला साधारण ६६० लिटर हवा. ४ फूट रुंद, ६ फूट लांब आणि ८ फूट उंच न्हाणीघरात हवा असते जेमतेम ५,४०० लिटर. दार-खिडकी बंद करून चार बादल्या तापवल्या, तर जवळजवळ निम्म्या हवेतला प्राणवायू संपतो! धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. प्राणवायू कमी पडला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, हातपाय गळतात आणि आतली कडी काढायचीही ताकद राहत नाही. गिझर जितका मोठा, तितकी ही हवा लवकर संपते.

म्हणून गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या. जळलेला वायू घराबाहेर सोडणारा पाइपही हवाच. बाहेर जागाच नसेल, तर गॅस गिझर न घेतलेला बरा. आधीच आत बसवलेला असेल, तर तो बाहेर हलवून घ्या. तोपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच अंघोळ.

मुलांसाठी उपक्रम
सहावी-सातवीच्या मुलांना घरचा नळ मिनिटाला किती लिटर पाणी देतो आणि न्हाणीघरात किती लिटर हवा मावते, हे काढून आणायला सांगा. १ घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. आकारमानाचा धडा पक्का होईल आणि मुलं घरी जाऊन विचारतील, "आई, आपला गिझर आत का आहे?"