हजार वर्षांच्या स्तूपाची डागडुजी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रेड फेदर लेक्सजवळच्या डोंगरात, 108 फूट उंचीचा धर्मकाय स्तूप उभा आहे. 1987 साली वारलेले तिबेटी गुरू चोग्याम त्रुंगपा यांच्या स्मरणार्थ तो मुख्यतः स्वयंसेवकांनी बांधला. 2001 साली त्याची प्रतिष्ठापना झाली. काँक्रीट हजार वर्षं टिकावं असा बेत होता. पण बेत करणं सोपं, डोंगरातला हिवाळा अवघड. भेगेत शिरलेलं पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि भेग रुंदावते. त्यामुळे अशा वास्तूला बांधणाऱ्यांइतकीच वर्षानुवर्षं राखणाऱ्यांची गरज असते, आणि ती माणसं श्रद्धेतूनच मिळतात.

हौशी हातांनी पवित्र वास्तू बिघडते, हा आक्षेप खोटा नाही. 1822 मध्ये सांचीचा मोठा स्तूप उत्साही खोदकामानेच खचला. 1912 ते 1919 या काळात पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी तो सावरला. पण ती खोदाई कुतूहलाची होती, सेवेची नव्हे. मिश्रणाचं प्रमाण तज्ज्ञाने ठरवावं, भेगा साफ करणं, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणं इतरांनी करावं. राहिला स्तूप राखणारे पाश्चात्त्य म्हणजे परके, हा मुद्दा. तो तर आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातच निकालात निघाला आहे: तिथल्या खांबांवर दाते म्हणून यवनांची, म्हणजे परदेशीयांची, नावं कोरलेली आहेत. पाश्चात्त्य उपासकांनी स्तूपाची सेवा करण्यात नवं ते काय?